नाव रजिस्टरात नव्हते, काम मात्र झाले होते

१ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेने अकरा ते सतरा वर्षांच्या मुलींना आपल्या मुख्य स्काऊट कार्यक्रमात पहिल्यांदा प्रवेश दिला. लहान मुलांच्या कब विभागात मुली आदल्याच वर्षी आल्या होत्या. आता मोठ्या मुलींसाठी स्वतंत्र पथके उभी राहिली. त्या दिवशी नाव नोंदवणाऱ्या बहुतेक मुली या जगात नव्याने पाऊल टाकत होत्या. काहींना मात्र त्यातले सगळे आधीपासून ठाऊक होते. भाऊ पथकात, आईवडील पथकाचे स्वयंसेवक, म्हणून त्या लहानपणापासून शिबिरांना जात होत्या. तंबू ठोकणे, गाठी मारणे, होकायंत्रावरून वाट काढणे, प्रथमोपचार करणे हे सारे त्या मुलांच्या बरोबरीने शिकल्या होत्या. न्यूयॉर्कची सिडनी आयर्लंड ही त्यांच्यापैकी सर्वांत परिचित झालेली मुलगी. चार वर्षांची असल्यापासून ती भावाच्या मागोमाग कब पथकात जात होती, पुढे मुलांच्याच पथकात तिने एकेक पायरीचे काम पुरे केले, आणि मुलींना रीतसर प्रवेश मिळावा म्हणून कित्येक वर्षे जाहीर मोहीम चालवली. प्रवेश मिळाला तेव्हा तिचा पुढचा प्रश्न साधा होता: जे काम मी आधीच केले आहे, ते धरणार की नाही? संघटनेने सांगितले की नोंदणीच्या तारखेनंतरचेच काम धरले जाईल. तिच्यासारख्या प्रत्येक मुलीला पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

या निर्णयाचे वजन समजायचे तर तिथली शिडी कशी आहे ते पाहावे लागते. स्काऊट या पहिल्या पायरीपासून ईगल स्काऊटपर्यंत एकूण सात पायऱ्या आहेत. ईगलसाठी किमान एकवीस प्रावीण्य पदके, पथकातली जबाबदारीची पदे आणि समाजोपयोगी कामाचा एक मोठा प्रकल्प लागतो. वरच्या तीन पायऱ्यांना कालावधीचीही अट आहे. फर्स्ट क्लासवरून स्टारला जाताना चार महिने, स्टारवरून लाइफला सहा आणि लाइफवरून ईगलला आणखी सहा. म्हणजे मुलगी कितीही तयार असो, फर्स्ट क्लासनंतरचे सोळा महिने तिला चुकत नाहीत, आणि हे सगळे अठरावा वाढदिवस येण्याआधी व्हायला हवे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना हे जमणार नाही हे संघटनेला दिसत होते. म्हणून २०१९ मध्ये नाव नोंदवणाऱ्या अशा मोठ्या मुलींना नोंदणीपासून चोवीस महिन्यांपर्यंत मुदत वाढवून घेण्याची सवलत दिली गेली. तिचा उपयोग झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये जवळपास एक हजार मुलींची पहिली ईगल तुकडी जाहीर झाली आणि तिच्यात सिडनी आयर्लंडही होती. ईगलचे पद हे छातीवर मिरवायचे नुसते चिन्ह नाही. अमेरिकी सैन्यात भरती होताना ईगल स्काऊटला वरच्या वेतनश्रेणीतून सुरुवात करता येते, काही शिष्यवृत्त्या त्याच्यासाठीच असतात आणि नोकरीच्या अर्जात ते आयुष्यभर लिहिले जाते. मुदतवाढ दिली हे संघटनेने चांगले केले. तरीही आधीचे काम शून्य धरणे ही चूक होती असे माझे मत आहे, आणि ती चूक एका संघटनेपुरती किंवा एका देशापुरती राहत नाही.

नोंदणी कशासाठी असते? मुलाची जबाबदारी कोणत्या प्रौढावर आहे हे ठरवण्यासाठी, विम्यासाठी, वर्गणीसाठी, शिरगणतीसाठी. ही सगळी संघटना चालवण्याची गरजेची कामे आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण मुलाला पोहता येते का, जखमेवर पट्टी बांधता येते का, आठ जणांच्या तुकडीला पावसात शिबिरापर्यंत सुखरूप नेता येते का, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नोंदणीच्या कागदात नसते. उशिरा नोंदणीला मूल स्वतः कारणीभूत असेल तर काही काम वाया जाणे एक वेळ समजू शकते. इथे तर मुलींनी वर्षानुवर्षे नाव लावून मागितले होते आणि संघटनेने ते नाकारले होते. ज्या कागदाचा अभाव संघटनेने स्वतःच्या नियमाने निर्माण केला, तोच अभाव पुढे करून तिने मुलींचे श्रम अमान्य केले. कोणत्याही न्यायबुद्धीच्या माणसाला हे खटकायला हवे.

स्काऊट चळवळीला तर हे अधिकच खटकायला हवे, कारण तिचा जन्मच नोंदणीआधी झालेला आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले, तेव्हा स्काऊट नावाची संघटना अस्तित्वात नव्हती. जानेवारी १९०८ पासून ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पंधरवड्याच्या भागांनी निघू लागले आणि ते वाचून ब्रिटनमधल्या मुलांनी गल्लोगल्ली आपली आपण टोळकी बांधली; शिक्षक, धर्मगुरू, निवृत्त सैनिक यांना गाठून ‘आमचे नायक व्हा’ म्हणून गळ घातली. कार्यालय, नियम, रजिस्टर हे सारे मागाहून, या मुलांना आवरण्यासाठी आले. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा पहिला मोठा मेळावा भरला. तिथे हजारो मुलांमध्ये स्काऊटांच्या टोप्या घातलेल्या थोड्या मुलीही येऊन उभ्या राहिल्या आणि ‘आम्हीही स्काऊट आहोत’ म्हणाल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. पुस्तक त्यांनीही वाचले होते आणि त्यात लिहिलेले त्यांनी केले होते. त्या मुलींमुळेच पुढच्या वर्षी गर्ल गाइड्सची स्वतंत्र संघटना उभी राहिली. जगभर आज गाइड म्हणून मिरवणाऱ्या लाखो मुलींच्या परंपरेची सुरुवात ही अशी नाव नसलेल्या मुलींपासून झाली आहे.

आपल्याकडची कथाही याहून फार वेगळी नाही. भारतात स्काऊट पथके १९०९ पासून निघाली, पण ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना अधिकृत चळवळीत जागा नव्हती. म्हणून काम थांबले नाही. श्रीराम बाजपेयींनी शाहजहानपूरला मुलांना गोळा केले, १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांची वेगळी स्काऊट संघटना काढली, तर अलाहाबादला मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने सेवा समितीची स्काऊट शाखा उभी राहिली. लंडनच्या दृष्टीने यांतले एकही मूल नोंदलेले स्काऊट नव्हते, पण जत्रांच्या गर्दीत आणि साथीच्या काळात सेवेला उभी राहणारी मुले यांचीच होती. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंट यांची संघटना अधिकृत चळवळीत विलीन झाली, तेव्हा पथकेच्या पथके आत आली. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली तीही अधिकृत संघटनेसोबत या जुन्या, एके काळी मान्यता नसलेल्या संघटनांना एकत्र आणूनच. आपल्या बालवीर चळवळीच्या पूर्वसुरींचे काम मान्यतेच्या तारखेपासून मोजायचे ठरवले, तर तिच्या इतिहासातली सर्वांत धडाडीची पाने फाडून टाकावी लागतील.

इतिहास बाजूला ठेवला तरी अमेरिकी संघटनेची स्वतःची नियमावली तिच्या या निर्णयाशी जुळत नाही. दुसऱ्या देशाच्या मान्यताप्राप्त स्काऊट संघटनेतला मुलगा अमेरिकेत आला, तर त्याला पुन्हा पहिलीपासून सुरू करायला लावत नाहीत. त्याने नव्या पथकात किमान दोन महिने काढावेत आणि जुन्या संघटनेचे पत्र आणावे. मग स्थानिक समिती त्याच्याशी बोलते, त्याला काय येते ते पाहते आणि ईगलच्या खालची कोणती पायरी त्याला द्यावी हे ठरवते. म्हणजे अमेरिकी रजिस्टरात नाव येण्याआधीचे काम धरता येते, ते तपासायची रीत ठरलेली आहे आणि ती वापरातही आहे. दुसरीही एक तरतूद आहे. तरुणपणी ईगलच्या सगळ्या अटी मुदतीत पूर्ण केल्या, पण शेवटची समितीची भेट काही कारणाने राहून गेली, अशा माणसाला पुढे कित्येक वर्षांनीही पद देता येते. युद्धावर गेल्यामुळे पद राहिलेल्या काही पुरुषांना उतारवयात ते असेच मिळाले आहे. काम केव्हा झाले आणि त्याची नोंद केव्हा झाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे संघटनेने मान्य केलेले आहे. परदेशी मुलाला आणि वृद्ध पुरुषाला लागू पडणारे तत्त्व भावाच्या पथकात वाढलेल्या मुलीपाशी येऊन का थांबावे, याचे पटणारे कारण मला सापडत नाही.

दारे बंद ठेवणाऱ्या संस्थेने ती उघडल्यावर कसे वागावे, याचे एक उत्तम उदाहरण ऑक्सफर्डचे आहे, आणि त्याचा धागा नाशिक-पुण्यापर्यंत येतो. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. पुढे ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८९२ मध्ये खास परवानगीने बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली. विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. परीक्षेला बसू देई, तपासून गुण देई आणि रिकाम्या हाताने परत पाठवी. १९२० मध्ये नियम बदलला. ७ ऑक्टोबरपासून स्त्रिया विद्यापीठाच्या रीतसर सदस्य होऊ लागल्या आणि १४ ऑक्टोबरच्या समारंभात पूर्वी परीक्षा दिलेल्या स्त्रियांना पदव्या दिल्या गेल्या. नोंदणी आणि पदवी यांच्यात एक आठवड्याचे अंतर होते. मधला अभ्यास पुन्हा करायला कोणी सांगितले नाही. सोराबजींनाही त्यानंतर पदवी मिळाली, सुमारे तीन दशकांपूर्वी दिलेल्या परीक्षेच्या बळावर. पन्नाशी ओलांडलेल्या, बंगाल-बिहार-ओडिशाच्या पडदानशीन स्त्रियांची कायदेशीर बाजू सांभाळण्यात आयुष्य घालवलेल्या या बाईंना ऑक्सफर्डने ‘आता पहिल्या वर्षात नाव घाला’ म्हटले असते, तर त्याला शिस्त कोणी म्हटले नसते. ऑक्सफर्डने स्त्रियांना फार उशिरा न्याय दिला हे खरेच आहे. पण दिला तेव्हा तो आधीच्या कामाची दखल घेऊन दिला.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांतला पहिला तपासणीचा: आधीचे काम झाले होते कशावरून? हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर अवघड नाही. कौशल्ये पुन्हा पाहता येतात. होकायंत्र हातात द्यावे, गाठ मारायला सांगावी, पाण्यात उतरवावे. अर्ध्या दिवसात कळते. शिबिरे आणि सेवेच्या कामांना पथकाच्या वह्या, छायाचित्रे, सोबतच्या नोंदणीकृत प्रौढांचे दाखले असतात, आणि सिडनीसारख्या मुलींबाबत तर हे प्रौढ संघटनेनेच नेमलेले पथकनायक होते. आपल्या देशात पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत कामावरच शिकलेल्या गवंड्याला किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला, आधी येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. आपल्या माध्यमिक शिक्षण मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून नियमित शाळेत न जाणारे मूल दहावीला बसते आणि पास झाले तर त्याला दहावी पास म्हणतात. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा तर शाळेत कधीच नाव न घातलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत नव्हे, वयानुरूप वर्गात बसवायला सांगतो. लाखोंच्या बाबतीत जे करता येते ते काही शेकडो मुलींच्या बाबतीत करता येणार नाही, असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. नोंद नसलेल्या मुलाला शिबिराला नेणे धोक्याचे आहे. त्या कामाला मागाहून मान्यता दिली तर पथके पुढेही मुलांना असेच नोंदीशिवाय नेत राहतील. अमेरिकी संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये बाल लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यात ऐंशी हजारांवर दावे दाखल झाले, हे ध्यानात घेतले तर कोण मूल कोणाच्या ताब्यात आहे याची काटेकोर नोंद हवी यावर दुमत होणार नाही. परंतु हा नियम प्रौढांसाठी आहे. मोडला असेल तर पथकनायकाला जाब विचारावा, गरज पडल्यास त्याला पदावरून दूर करावे. मोठ्यांनी नियम मोडल्याची शिक्षा दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या कामातून वसूल करणे हे सुरक्षेचे धोरण होऊ शकत नाही. आणि मी मागतो ती मान्यता सरसकट नाही. नियमानेच ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांच्यापुरती आणि दार उघडण्याच्या तारखेपर्यंतची ती आहे. त्या तारखेनंतर आधी नोंद, मग शिबिर. यात सवलत नसावी.

तिसरा आक्षेप ऐकून मी अधिक वेळ थांबतो. ज्या मुलींनी नियम पाळला, मुलींना प्रवेश नाही म्हटल्यावर मुकाट्याने घरी राहिल्या, त्यांचे काय? भाऊ पथकात असलेल्या, पालकांची ओळख असलेल्या, नायक उदार मनाचा लाभलेल्या मुलींनाच आधीच्या कामाची संधी मिळाली. त्यांना ते धरून दिले तर भाग्यवान मुली आणखी पुढे जातील. हे मला अंशतः मान्य आहे. घरी राहिलेल्या मुलीचे नुकसान खरे आहे आणि आधीचे काम धरल्याने ते भरून निघत नाही. तिच्यासाठी चोवीस महिन्यांची मुदतवाढ होती, आणि ती आणखी सढळ असायला हवी होती. पण ईगलची पदे मोजून ठेवलेली नसतात. एकीला मिळाले म्हणून दुसरीचे हुकत नाही. एकीवरचा अन्याय निस्तरता येत नाही म्हणून दुसरीवरचाही तसाच ठेवावा, या विचाराने दोघींपैकी कोणाचेच भले होत नाही.

सर्वांत खोल आक्षेप वचनाचा आहे. गाठी कुणालाही मारता येतात. स्काऊट तो, ज्याने वचन घेतले. दीक्षाविधीआधी केलेली सेवा चांगली असेल, पण ती स्काऊटची सेवा कशी? ज्यांना चळवळ मनापासून प्रिय आहे ते हे बोलतात, म्हणून त्याला आदराने उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर असे की वचन मागच्या तारखेने देता येत नाही आणि तसे देऊही नये. म्हणूनच परदेशी मुलाला लागू असलेली रीत मला योग्य वाटते: आधी वचन घ्यावे, दोन महिने पथकात राहावे, मग समितीसमोर जावे. शेवटच्या पायरीचा प्रकल्प आणि त्याआधीचे काही महिने नोंदणीनंतरच व्हावेत, यालाही माझी हरकत नाही. पण खालच्या पायऱ्यांच्या कौशल्यांना आणि पथकात प्रत्यक्ष काढलेल्या वर्षांना शून्य गुण देणे वचनाच्या रक्षणासाठी लागत नाही. शिवाय यांतल्या काही मुलींनी पथकात उभे राहून ते वचन म्हटलेले होते. रजिस्टरात त्याची नोंद झाली नव्हती, एवढेच. उरतो तो ‘येतेच आहे तर पुन्हा करायला काय हरकत’ हा शेरा. सोळा महिन्यांची अट कौशल्याने कमी होत नाही, आणि दहावी-बारावीच्या वयातले सोळा महिने पुन्हा मिळत नाहीत, इतके त्याला उत्तर पुरे.

आज ही संघटना स्काऊटिंग अमेरिका या नावाने ओळखली जाते. फेब्रुवारी २०२५ पासून तिने नावातला ‘बॉय’ काढून टाकला. पहिल्या तुकडीतल्या मुली आता वीस-बावीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांचे काम पुन्हा करून झाले आहे. प्रश्न उरतो तो त्यांच्याहून थोड्या मोठ्या मुलींचा. १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी ज्यांची अठरा वर्षे पूर्ण झाली, त्यांना मुदतवाढही मिळाली नाही आणि पुन्हा करण्याची संधीही. उतारवयातल्या पुरुषांना पद देणारी तरतूद जशी आहे, तशीच या मोजक्या बायकांसाठी करावी. अर्ज, पुरावा, समितीसमोर भेट हे सगळे तेच ठेवावे. आणि आपल्याकडेही हा विचार व्हावा. महाराष्ट्रात स्काऊट-गाइडची नोंदणी शाळेमार्फत होते, प्रथम सोपानापासून राज्य पुरस्कारापर्यंत महिन्यांच्या अटी आहेत, आणि त्या पुरस्कारांवर परीक्षेतले सवलतीचे गुण अवलंबून असतात. जूनपासून दर शनिवारी पथकात येणाऱ्या मुलाचा अर्ज शाळेने नोव्हेंबरात पाठवला, तर त्याचे महिने जूनपासून मोजावेत की नोव्हेंबरपासून? पथकाची हजेरीवही आणि शिक्षकाची सही असेल तर जूनपासून मोजायला जिल्हा संस्थेला अडचण पडू नये. त्यासाठी नियमात एका ओळीची भर पुरे: नोंदणीतला विलंब मुलामुळे झालेला नसेल, तर पुराव्यासह आधीचे काम धरावे.